माता, अर्भक आणि विषाणू : एच. आय. व्ही. प्रतिबंधक उपचारांच्या इतिहासातील स्त्रीचे स्थान

१

वैद्यकाचा इतिहास लिहिताना औषध कोणी शोधले, ते केव्हा सिद्ध झाले आणि त्याने किती जीव वाचले, हे तीन प्रश्न सामान्यतः प्रथम विचारले जातात. ते औषध घेणाऱ्याने कोणासाठी घेतले, हा चौथा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. कारण बहुतेक रोगांच्या बाबतीत त्याचे उत्तर उघड असते. रोगी स्वतःच्या रोगासाठी औषध घेतो. परंतु एखादी गर्भिणी विषाणूने ग्रासलेली असते, तेव्हा हा प्रश्न तितका सरळ राहत नाही. तिने घेतलेली गोळी तिच्या रक्तातील विषाणूवर परिणाम करते आणि त्याच वेळी तिच्या उदरातील गर्भाचे संरक्षणही करते. ह्या दोन हेतूंपैकी मुख्य कोणता व आनुषंगिक कोणता, हे ठरविणारे अनेक असतात : संशोधक, शासन, औषधनिर्माते आणि प्रसंगी न्यायालये. ती स्त्री स्वतः ह्या मालिकेत बहुधा अखेरीस येते.

एच. आय. व्ही. ह्या विषाणूचा मातेकडून अर्भकाकडे होणारा संसर्ग रोखण्याचे प्रयत्न हे ह्या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. उपचाराच्या अभावी अशा संसर्गाचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. उपचार वेळेवर व नियमित मिळाल्यास, बालक मातेचे दूध पीत असले तरी, ते ५ टक्क्यांच्या खाली ठेवता येते. अनुकूल परिस्थितीत ते १ टक्क्याहूनही कमी होते. सार्वजनिक आरोग्याच्या अलीकडील इतिहासात इतक्या थोड्या काळात इतके यश क्वचितच मिळाले असेल. तथापि ह्या यशाचा इतिहास बारकाईने पाहिला असता त्यात एक विसंगती आढळते. आरंभीची सुमारे दहा वर्षे उपचाराचे यश मोजण्याचे परिमाण केवळ अर्भक हे होते. मातेचा स्वतःचा रोग त्या हिशेबात धरलेला नव्हता. पुढे असे दिसून आले की, मातेला रोगी मानून तिचा पूर्ण उपचार केला, तेव्हाच अर्भकाचे संरक्षणही सर्वांत परिणामकारक ठरले. हा निष्कर्ष कोणत्या टप्प्यांनी हाती आला आणि त्याला इतका विलंब का लागला, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

एड्सचे पहिले वृत्त ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. ते लॉस एंजेलिस येथील पाच तरुण पुरुषांविषयीचे होते. डिसेंबर १९८२ मध्ये त्याच साप्ताहिकात अर्भकांमधील तशाच लक्षणांची नोंद आली. म्हणजे हा रोग मातेकडून अपत्याकडे जात असावा, हा संशय विषाणू सापडण्यापूर्वीच निर्माण झाला होता. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये व त्यांचे सहकारी ह्यांनी रोगकारक विषाणू वेगळा केला. १९८५ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका वृत्तान्ताने आणखी एक मार्ग पुढे आणला. त्यातील मातेला प्रसूतीनंतर दिलेल्या रक्तातून संसर्ग झाला होता, आणि तिच्या बालकाला तो तिच्या दुधातून झाला होता. अशा रीतीने गर्भावस्था, प्रसूती व स्तन्यपान हे संसर्गाचे तीन काल त्या दशकाच्या मध्यालाच ज्ञात झाले.

औषधाचा शोध मात्र ह्याहून जुना होता. एच. आय. व्ही. हा आपल्या आर. एन. ए. वरून डी. एन. ए. तयार करणारा विषाणू आहे. हे उलट्या दिशेचे कार्य घडवून आणणारे विकर १९७० साली हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. ह्या विकराच्या कार्यात अडथळा आणणारे झिडोव्ह्यूडीन, म्हणजेच एझेडटी, हे रसायन त्याआधी, १९६४ साली, अमेरिकेतील जेरोम होरविट्झ ह्यांनी कर्करोगावरील उपचारासाठी बनविले होते. कर्करोगावर त्याचा उपयोग झाला नाही आणि ते बाजूस पडले. १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत सॅम्युएल ब्रोडर व हिरोआकी मित्सुया ह्यांनी ते एच. आय. व्ही. वर तपासले, तेव्हा त्याचा गुण दिसून आला. पुढील चाचणीत २८२ रोगी होते. औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, मिळालेल्या गटात १९ मृत्यू झाले, तर औषध मिळालेल्या गटात १. मार्च १९८७ मध्ये ह्या औषधाला मान्यता मिळाली.

ह्या चाचणीतील रोगी बहुतांश पुरुष होते, आणि हा केवळ योगायोग नव्हता. थॅलिडोमाइड ह्या औषधामुळे जन्मलेल्या व्यंग बालकांच्या स्मृतीने १९६० नंतरचे सारे औषधशास्त्र धास्तावलेले होते. १९७७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा दंडक घातला की, अपत्यधारणेस समर्थ असलेल्या स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळावे. गर्भाचे रक्षण हा ह्यामागील हेतू निर्विवादपणे चांगला होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, स्त्रीच्या शरीरावर औषध कसे चालते ह्याचे ज्ञानच निर्माण होईना. हा दंडक १९९३ साली मागे घेण्यात आला. एड्सच्या व्याख्येचीही अशीच कथा आहे. गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग हा एड्सदर्शक रोगांच्या यादीत १ जानेवारी १९९३ पासून समाविष्ट झाला. तत्पूर्वी बारा वर्षे ही यादी मुख्यत्वे पुरुष रोग्यांच्या निरीक्षणावर आधारलेली होती.

३

अशा पार्श्वभूमीवर १९९१ साली अमेरिका व फ्रान्स ह्या देशांत जी चाचणी सुरू झाली, ती ‘०७६’ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. १४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भिणींना एझेडटी दिवसातून पाच वेळा तोंडावाटे, प्रसूतीच्या वेळी शिरेवाटे, आणि नवजात अर्भकाला सहा आठवडे द्रवरूपात, अशी तिची त्रिविध योजना होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये अंतरिम आकडे तपासण्यात आले. प्लासिबो मिळालेल्या गटात संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्के, तर औषध मिळालेल्या गटात ८.३ टक्के आढळले. संसर्ग दोन-तृतीयांशाने घटला होता. चाचणी तेथेच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले, आणि ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकन सरकारने ह्या उपचाराची शिफारस केली. विषाणूजन्य रोग औषधाने अर्भकाच्या जन्मापूर्वीच रोखता येतो, हे ह्या चाचणीने सिद्ध केले; ह्या सिद्धीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु ह्या चाचणीच्या रचनेत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. मातेचे औषध प्रसूतीबरोबर बंद होत असे. चाचणीत घेतलेल्या स्त्रियांच्या रक्तातील सीडी४ पेशींची संख्या २०० च्या वर होती, आणि त्या काळच्या संकेतानुसार त्यांना स्वतःसाठी औषधाची निकड नव्हती, असे समर्थन ह्यावर केले जाई. ते त्या काळापुरते ग्राह्यही होते. तरीही अमेरिकेतील स्त्री-कार्यकर्त्यांनी चाचणीच्या योजनेच्या काळातच आक्षेप घेतला होता : केवळ काही महिने एकच औषध दिल्याने त्या स्त्रीच्या शरीरात औषधाला न जुमानणारे विषाणू निर्माण झाले, तर पुढे तिच्यासाठी कोणते औषध उरेल? ह्या प्रश्नाचे उत्तर १९९४ साली कोणाजवळच नव्हते. दहा वर्षांनी ते मिळाले, आणि तेही दुसऱ्या औषधाच्या संदर्भात.

‘स्त्री ही साधन की साध्य’ हा वाद ह्या रोगापुरता मर्यादित नव्हता. १९८५ साली कोलंबिया विद्यापीठाचे अॅलन रोझेनफील्ड व डेबोरा मेन ह्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहून असे दाखवून दिले होते की, ‘माता-बाल आरोग्य’ ह्या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमांत मातेच्या मृत्यूचा विचार जवळजवळ नसतोच. सोळा वर्षांनंतर, २००१ साली, रोझेनफील्ड ह्यांना एका सहलेखकासह तोच प्रश्न एच. आय. व्ही. च्या संदर्भात पुन्हा विचारावा लागला.

४

०७६ ची योजना खर्चिक होती. तिला लवकर सुरू होणारी गर्भतपासणी, शिरेवाटे औषध देण्याची सोय आणि सहा आठवड्यांचा पाठपुरावा आवश्यक होता. ज्या देशांत संसर्गित गर्भिणींची संख्या सर्वाधिक होती, तेथे ह्यांपैकी काहीच सर्वत्र उपलब्ध नव्हते. म्हणून आफ्रिका, आशिया व कॅरिबियन प्रदेशांत अल्पकालीन उपचाराच्या चाचण्या योजण्यात आल्या, आणि त्यांपैकी अनेकांत एका गटाला प्लासिबो देण्याचे ठरले. सप्टेंबर १९९७ मध्ये पीटर लूरी व सिडनी वुल्फ ह्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ह्यावर कठोर टीका केली. प्रभावी औषध ज्ञात असताना ते न देणे म्हणजे अर्भकांना टाळता येण्याजोग्या मृत्यूच्या वाटेला लावणे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच अंकातील संपादकीयात मार्शिया एंजेल ह्यांनी टस्कीगी येथील कुप्रसिद्ध उपदंश-प्रयोगाची आठवण करून दिली. त्या प्रयोगात कृष्णवर्णीय रोग्यांना उपचारावाचून चार दशके केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले होते.

अमेरिकन आरोग्यसंस्थांचे प्रमुख हॅरल्ड व्हार्मस व डेव्हिड सॅचर ह्यांनी ऑक्टोबरमध्ये उत्तर दिले. जेथे कोणताच उपचार मिळत नाही तेथे नवा, स्वस्त उपचार ‘काहीच नाही’ ह्यापेक्षा सरस आहे काय, हाच उपयुक्त प्रश्न असतो, आणि त्याचे लवकरात लवकर निश्चित उत्तर प्लासिबोशी तुलना केल्यानेच मिळते, अशी त्यांची भूमिका होती. फेब्रुवारी १९९८ मध्ये बँकॉक येथील चाचणीचा निकाल जाहीर झाला. गर्भावस्थेच्या ३६ व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा व प्रसूतीच्या वेळी एझेडटी दिले असता, मातेचे दूध न पिणाऱ्या अर्भकांतील संसर्ग १८.९ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आला. ह्यानंतर इतर चाचण्यांतील प्लासिबोचा वापर थांबविण्यात आला.

ह्या वादाने संशोधननीतीला नवे वळण दिले. हेलसिंकी घोषणेच्या २००० सालच्या सुधारित मसुद्यातील प्लासिबोविषयक कलमावर त्याची छाया स्पष्ट दिसते. परंतु दोन्ही पक्षांची युक्तिवादाची पद्धत पाहिली तर एक साम्य आढळते. दोघांचाही हिशेब मुख्यतः अर्भकांचा होता. किती अर्भके वाचली असती, किती वाचतील, ह्यावर वाद झाला. चाचणी संपल्यावर त्या मातांचे काय होणार, त्यांपैकी किती जणी मूल पाच वर्षांचे होईपर्यंत जिवंत राहणार, हा प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी आला नाही.

५

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये युगांडाची राजधानी कंपाला येथील मुलागो रुग्णालयातील संशोधन प्रसिद्ध झाले. लॉरा ग्वे, फिलिप्पा मुसोके, फ्रान्सिस म्मिरो प्रभृतींच्या ह्या चाचणीत प्रसूतीच्या कळा सुरू होताच मातेला नेव्हिरॅपीनची २०० मिलिग्रॅमची एकच गोळी, आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत अर्भकाला त्याच औषधाची एक मात्रा देण्यात आली. १४ ते १६ आठवड्यांच्या वयात संसर्गाचे प्रमाण अल्पकालीन एझेडटी दिलेल्या गटात २५.१ टक्के, तर नेव्हिरॅपीन दिलेल्या गटात १३.१ टक्के होते. दोन्ही मात्रांची किंमत मिळून सुमारे चार डॉलर होती. जेथे प्रसूतीपूर्वी स्त्रीची एखादीच तपासणी होते, तेथेही हा उपाय शक्य होता. गरीब देशांच्या आरोग्यव्यवस्थांनी त्याचे स्वागत केले ते ह्यामुळेच.

दक्षिण आफ्रिकेत ह्या एका गोळीचा प्रश्न न्यायालयात गेला. उत्पादकाने औषध पाच वर्षे विनामूल्य देऊ केले असतानाही तेथील सरकारने ते प्रत्येक प्रांतातील दोनच प्रायोगिक केंद्रांपुरते मर्यादित ठेवले होते. ‘ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन’ ह्या संघटनेने ह्याविरुद्ध दाद मागितली. ५ जुलै २००२ रोजी घटनात्मक न्यायालयाने हे निर्बंध अवाजवी ठरविले आणि ते दूर करण्याचा आदेश सरकारला दिला. आरोग्यसेवेचा हक्क न्यायालयाकरवी अंमलात आणता येतो, ह्या तत्त्वाचा हा निकाल आजही आधारभूत मानला जातो.

परंतु ह्या स्वस्त उपायाची दुसरी बाजू लवकरच उघड झाली. नेव्हिरॅपीन हे औषध शरीरातून फार मंद गतीने उत्सर्जित होते. एका मात्रेनंतर ते कित्येक दिवस अल्प प्रमाणात रक्तात राहते; ते प्रमाण विषाणूचा नायनाट करण्यास अपुरे, परंतु औषधाला न जुमानणारे विषाणू निवडले जाण्यास पुरेसे असते. २००४ साली थायलंडमधील एका अभ्यासाने ह्याचा परिणाम आकड्यांत दाखविला. पूर्वी प्रसूतीच्या वेळी नेव्हिरॅपीन घेतलेल्या स्त्रियांना पुढे स्वतःच्या रोगासाठी नेव्हिरॅपीनयुक्त उपचार दिला, तेव्हा सहा महिन्यांनी ४९ टक्के स्त्रियांच्याच रक्तातील विषाणू पूर्ण आटोक्यात आले; ज्यांनी ते पूर्वी घेतले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ६८ टक्के होते. २००७ साली बोट्स्वानातील संशोधनाने काहीसा दिलासा दिला : त्या एका मात्रेनंतर सहा महिने किंवा अधिक काळ लोटल्यावर उपचार सुरू केल्यास हा तोटा दिसत नव्हता. तरीही मूळ मुद्दा अबाधित राहतो. गरीब देशांतील स्त्रियांना मिळणाऱ्या पहिल्या उपचारात नेव्हिरॅपीन हाच मुख्य घटक होता. म्हणजे अर्भकासाठी दिलेल्या गोळीची किंमत काही मातांना स्वतःच्या उपचाराच्या रूपाने मोजावी लागली. १९९१ साली एझेडटीविषयी घेतलेला आक्षेप नेव्हिरॅपीनच्या बाबतीत खरा ठरला होता.

६

भारतात एच. आय. व्ही. चा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळला. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या गायतोंडे ह्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला ह्यांचे ते कार्य होते. १९९२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पुणे येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. ह्या संस्थेशी संबंधित डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १९९३ ते १९९६ ह्या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांमध्येही संसर्गाचे प्रमाण १३.६ टक्के आढळले. ह्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या, आणि पतीखेरीज अन्य पुरुषाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता.

ह्या निष्कर्षाने मातेकडून होणाऱ्या संसर्गाच्या कल्पनेलाच धक्का दिला. अर्भकाला विषाणू मातेकडून येतो हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने खरे. परंतु मातेला तो घरातच, विवाहाच्या मार्गाने आलेला असतो. स्त्रीला रोगाचे उगमस्थान मानणारी दृष्टी येथे अपुरी पडते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मातेऐवजी ‘पालकांकडून अपत्याकडे’ होणारा संसर्ग असा शब्दप्रयोग स्वीकारला. त्यामागे सारा दोष स्त्रीच्या माथी येऊ नये हा विचार होता. मात्र शब्द बदलला तरी व्यवहार लगेच बदलला नाही. गर्भतपासणीच्या वेळी रक्त तपासले जाई ते पत्नीचे. त्यामुळे कुटुंबातील संसर्गाची पहिली नोंद तिच्या नावाने होई, आणि सासरच्या रोषास प्रथम तीच पात्र ठरे.

स्तन्यपानाचा प्रश्नही भारतीय परिस्थितीत तितकाच बिकट होता. नैरोबी येथील २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांच्या वयापर्यंत स्तन्यपान करणाऱ्या बालकांपैकी ३६.७ टक्क्यांना, तर डब्याच्या दुधावर वाढलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांना संसर्ग झाल्याचे आढळले होते. परंतु अशुद्ध पाण्यात कालवलेले डब्याचे दूध हेही प्राणघातक ठरू शकते. २००६ च्या आरंभी बोट्स्वानात अतिवृष्टीनंतर अतिसाराची जी साथ आली, तीत प्रामुख्याने वरच्या दुधावरची बालके बळी पडली. शिवाय ज्या समाजात आई मुलाला अंगावर पाजते हे गृहीतच असते, तेथे न पाजणे म्हणजे स्वतःचा रोग जाहीर करणे होय. दूध सुरक्षित करता आले तरच ह्या पेचातून सुटका होती. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने इथिओपिया व युगांडा येथील केंद्रांसमवेत ह्या दिशेने केलेले संशोधन २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन्यपान करणाऱ्या अर्भकांना नेव्हिरॅपीन एका मात्रेऐवजी सहा आठवडे दिले असता, सहाव्या आठवड्यातील संसर्ग ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आला. सहा महिन्यांच्या वयात मात्र हे प्रमाण अनुक्रमे ९.० व ६.९ टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. औषध थांबले, दूध चालू राहिले, आणि संसर्गही चालू राहिला. मातेच्या रक्तातील विषाणू आटोक्यात आणल्याखेरीज हा मार्ग बंद होणार नव्हता.

७

मातेचा पूर्ण उपचार म्हणजे काय, हे १९९६ पासून ज्ञात होते. त्या वर्षी तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने रक्तातील विषाणू दीर्घकाळ दाबून ठेवता येतो हे सिद्ध झाले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्या ५७ गर्भिणींच्या रक्तात विषाणूंची संख्या मिलिलिटरमागे हजाराहून कमी होती, त्यांच्यापैकी एकीच्याही अर्भकाला संसर्ग झालेला नव्हता. मातेचे आरोग्य व अर्भकाचे संरक्षण ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून एकच आहेत, ह्याचा हा सरळ पुरावा होता. तरीही गरीब देशांत त्यावर कार्यवाही होण्यास आणखी दशक जावे लागले. त्याचे मुख्य कारण किंमत हे होय. त्या काळी तीन औषधांचा वार्षिक खर्च दर रोग्यामागे दहा हजार डॉलरहून अधिक होता.

हा अडसर दूर होण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यान्वये औषधाच्या उत्पादनप्रक्रियेचे पेटंट मिळे, खुद्द औषधाचे नव्हे. त्यामुळे भारतीय कारखान्यांना तीच औषधे वेगळ्या प्रक्रियेने बनविण्याची मोकळीक होती. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘सिप्ला’ ह्या मुंबईतील कंपनीचे डॉ. युसुफ हमीद ह्यांनी तिन्ही औषधे वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला सुमारे एक डॉलर, ह्या दराने देऊ केली. त्यानंतर किंमती झपाट्याने उतरल्या. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत विनामूल्य उपचारास प्रारंभ केला. त्यांत महाराष्ट्र होता.

तरी दोन कार्यक्रम बराच काळ वेगवेगळेच चालत राहिले : प्रसूतिविभागात अर्भकासाठी एक गोळी, आणि अन्यत्र, पेशींची संख्या ठराविक मर्यादेखाली गेल्यावर, रोग्यासाठी तीन औषधे. ही भिंत प्रथम पाडली ती मलावी ह्या आफ्रिकेतील अत्यंत गरीब देशाने. सीडी४ पेशी मोजण्याची यंत्रे तेथे पुरेशी नव्हती. कोणत्या गर्भिणीला स्वतःसाठी उपचाराची गरज आहे हे ठरविणेच अशक्य होते. तेव्हा २०११ साली मलावीने असा निर्णय केला की, प्रत्येक संसर्गित गर्भिणीला व स्तनदा मातेला, पेशींची संख्या कितीही असो, तीन औषधांचा उपचार आमरण द्यावा. ह्या पद्धतीला ‘बी प्लस’ असे नाव पडले. एका तिमाहीत उपचार सुरू करणाऱ्या गर्भिणी व स्तनदा मातांची संख्या २०११ च्या मध्यावरील १,२५७ वरून वर्षभराने १०,६६३ झाली. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे धोरण मान्य केले, भारताने ते १ जानेवारी २०१४ पासून देशभर स्वीकारले, आणि २०१५ साली सर्वच संसर्गितांना निदान होताच उपचार देण्याची शिफारस झाली.

परंतु येथेही जुन्या दृष्टीचा अवशेष उरला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मलावीतीलच एका पाहणीत असे आढळले की, गर्भावस्थेत ‘बी प्लस’नुसार औषध सुरू केलेल्या स्त्रिया पहिल्या भेटीनंतर परत न येण्याचे प्रमाण, स्वतःच्या आजारासाठी औषध सुरू केलेल्या स्त्रियांच्या पाचपट होते. ज्या दिवशी निदान कळले त्याच दिवशी, बाळासाठी म्हणून, आजन्म घ्यावयाच्या गोळ्या हाती पडल्या, तर त्या आपल्यासाठीही आहेत हे पटण्यास अवसर कोठून मिळणार?

८

औषध स्वस्त झाले आणि धोरण बदलले, म्हणून स्त्रीच्या निर्णयाचा प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. नामिबियात संसर्गित स्त्रियांची प्रसूतीच्या वेळी त्यांच्या खऱ्या संमतीवाचून नसबंदी करण्यात आली होती. त्यांपैकी तिघींनी दाद मागितली, आणि २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कळा सोसत असलेल्या स्त्रीची कागदावरील सही म्हणजे संमती नव्हे, हे ह्या प्रकरणात अधोरेखित झाले. भारताच्या २०१७ च्या एच. आय. व्ही. व एड्स कायद्यातही संसर्गित स्त्रीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या माहितीपूर्ण संमतीवाचून करण्यास मनाई आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये अंमलात आला.

त्याच वर्षी ह्या इतिहासाचा आरंभीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. डोल्युटेग्रॅव्हिर हे नवे औषध अधिक परिणामकारक, सोसण्यास सोपे आणि सहजासहजी निष्प्रभ न होणारे होते. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातील पाहणीचे प्राथमिक आकडे जाहीर झाले : गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेत असलेल्या स्त्रियांच्या ४२६ अपत्यांपैकी ४ अपत्यांत मज्जारज्जूच्या नलिकेचा दोष आढळला. काही देशांनी तत्काळ तरुण स्त्रियांना हे औषध देणे थांबविले किंवा संततिनियमनाची अट घातली. १९७७ चाच दंडक वेगळ्या स्वरूपात परत आला होता. जुलै २०१८ मध्ये रवांडातील किगाली येथे आफ्रिकेच्या अनेक देशांतील संसर्गित स्त्रिया एकत्र आल्या. धोका व लाभ दोन्ही आम्हांला सांगा आणि निवड आमच्यावर सोपवा, अशी त्यांची मागणी होती. वर्षभराने अधिक जन्मांची नोंद झाली तेव्हा दोषाचे प्रमाण १,६८३ मध्ये ५, म्हणजे ०.३० टक्के, असे खाली आले. जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अपत्यधारणेस समर्थ असलेल्या स्त्रियांसह सर्वांना देण्याची शिफारस केली. त्यानंतरच्या वर्षांतील आकड्यांत इतर औषधांच्या तुलनेतील फरक नाहीसा झाला. आरंभीचा इशारा देणे चूक नव्हते. तो मिळाल्यावर निर्णय कोणी करावयाचा, हा खरा मुद्दा होता.

९

१९९४ ते २०१९ ह्या पंचवीस वर्षांतील यश निर्विवाद आहे. २०१५ साली क्यूबा आणि २०१६ साली थायलंड ह्या देशांनी मातेकडून अर्भकाकडे होणाऱ्या संसर्गाचे निर्मूलन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. तथापि २०२३ ह्या एका वर्षात जगातील सुमारे १ लाख २० हजार बालकांना हा संसर्ग झाला. ह्यांच्या मातांपैकी बहुतेकींना उपचार मिळाला नव्हता, किंवा मध्येच सुटला होता, किंवा गर्भावस्थेत अथवा स्तन्यपानाच्या काळात त्यांना नव्याने संसर्ग झाला होता. औषध उपलब्ध असताना हे घडत असेल, तर उणीव औषधात नसून औषध व स्त्री ह्यांच्यामधील व्यवस्थेत आहे, हे उघड होय.

ह्या इतिहासातून संशोधकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ०७६ पासून नेव्हिरॅपीनपर्यंतचा प्रत्येक टप्पा त्या त्या वेळच्या साधनांत जीव वाचविण्यासाठीच होता, आणि त्याने जीव वाचविले. परंतु काय मोजावयाचे हे ठरले की काय दिसणार हेही बव्हंशी ठरते. अर्भकांचा संसर्ग मोजला गेला, म्हणून तो घटला. मातांचे जगणे त्याच काटेकोरपणे मोजले गेले असते, तर मलावीने २०११ साली जे केले ते पूर्वीच करणे शक्य झाले असते, कारण त्यासाठी लागणारे शास्त्रीय ज्ञान १९९९ पर्यंत जमा झाले होते. प्रजननाच्या आरोग्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक नव्या विषाणूच्या, नव्या औषधाच्या किंवा नव्या लशीच्या चाचणीत गर्भिणींचा समावेश करावा काय, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होतो. त्याचा विचार करताना ह्या प्रकरणातील अनुभव पुढे ठेवणे उपयुक्त ठरेल : गर्भाच्या रक्षणासाठी स्त्रीला बाजूस ठेवल्याने गर्भाचेही पुरेसे रक्षण झाले नाही, ते झाले, ते तिला रोगी म्हणून, आणि आपल्या उपचाराचा निर्णय करणारी व्यक्ती म्हणून, तिचे स्थान मिळू लागल्यानंतर.